जोडा जुळवताना

आपल्याकडे जोडा दोन प्रकारे पाहतात, लग्नाचा आणि पायाचा. पहिल्यासाठी अख्खं गोत कामाला लागतं, पत्रिका जुळवतात, चार पाहुण्यांकडून चौकशी होते. दुसरा मात्र माणूस रात्री अकरा वाजता मोबाइलवर एकटाच उरकून टाकतो, आणि पुढे येडशीच्या डोंगरात तळ सुटला की नशिबाला बोल लावतो. बालाघाटच्या मुरमात माउंटन बाइक घालू पाहणाऱ्या आणि त्यासाठी क्लिपलेस बूट घ्यायला निघालेल्या धाराशिवकरांवर ही वेळ येऊ नये, म्हणून हे रीतसर मार्गदर्शन. प्रस्तुत लेखकाचा या विषयातला अधिकार: झिजवलेले तीन जोड, फुटलेली दोन कोपरं आणि भर चौकात घातलेलं एक लोटांगण.

नावावर जाऊ नये

क्लिपलेस म्हणजे कुठेच न अडकणारा बूट, असं समजून गेलात तर फसलात. पूर्वी पेडलच्या पुढे धातूचा एक सांगाडा असे, त्यातून चामडी पट्टा ओवलेला असे. त्याला टो क्लिप म्हणत. 1984 साली लूक या फ्रेंच कंपनीनं, जी बर्फावरच्या स्कीला बूट जखडण्याची साधनं बनवत होती, तोच सांधा सायकलच्या पेडलवर आणला. सांगाडा गेला, पट्टा गेला, आणि बुटाचा तळच पेडलमध्ये खट्कन अडकू लागला. पुढच्याच वर्षी सायकलपटू बर्नार इनोनं ही पेडलं वापरून तूर द फ्रान्सची शर्यत जिंकली. जुनी क्लिप गेली म्हणून नाव क्लिपलेस. ‘आम्हाला हुंडा नको, फक्त गाडी द्या’ म्हणणाऱ्या वरपक्षासारखंच हे.

घराणं पाहावं

या बुटांची घराणी मुख्यतः दोन. तीन बोल्टचं घराणं डांबरी सडकेचं. त्याचं क्लीट, म्हणजे पेडलमध्ये अडकणारा तळाचा तुकडा, तळाच्या बाहेर येतं, आणि ते घालून चहाच्या टपरीपर्यंत चालणारा माणूस बदकासारखा दिसतो. दोन बोल्टचं घराणं डोंगराचं. शिमानो कंपनीनं 1990 साली एसपीडी नावानं ते आणलं. यात क्लीट लहान, पोलादी आणि तळाच्या खाचेत दडलेलं, त्यामुळे माणूस माणसासारखा चालतो. हातलादेवीच्या डोंगरावर जाताना सायकल आपल्याला जेवढी वाहते, जवळजवळ तेवढीच आपण तिला वाहतो. तेव्हा दुसरं घराणं. इथे चर्चा नाही.

थापटून घ्यावं

तेरच्या गोरोबाकाकांनी संतमंडळींच्या डोक्यावर थापटणं मारून कोण पक्कं आणि कोण कच्चं ते सांगितलं, ही कथा जिल्ह्यात पोराटोरांना ठाऊक आहे. आपण डोक्याऐवजी बूट थापटावा. अंगठ्यापुढची टोपी बोटानं दाबून पाहावी. ती पुठ्ठ्यासारखी आत गेली तर पहिल्याच दगडाला नख काळंनिळं होणार. टाचेची वाटी दोन बोटांत चिमटावी. ती मिटता कामा नये. मग बूट दोन्ही हातांनी धुणं पिळतात तसा पिळावा. पोटरीचा जोर पेडलपर्यंत पोहोचायला तळ मधोमध ताठ हवा, पण चवड्यापुढे थोडा वाकला पाहिजे, नाहीतर चढावर चालताना टाच बुटातून वर येते.

कार्बनचा तळ पाहून भुलू नये. तो शर्यतवाल्यांना शोभतो. आपल्याला नायलॉनचा तळ आणि त्याखाली जाड, खोल खाचांचं रबर पुरे. खडकावरचा पाय कसा असावा, हे उस्मानाबादी शेळीकडून शिकावं: खुराची कड टणक, आतली गादी मऊ. 2023 साली जिल्ह्याचं नाव धाराशिव झालं; शेळी अजून उस्मानाबादीच आहे आणि तिचा पाय अजून घसरलेला नाही.

पायगुण ओळखावा

बुटाचे गुण पाहून झाले की आपल्या पायाचे पाहावेत. लहानपण अनवाणी किंवा स्लिपरवर काढलेल्या पायाचा पंजा फावड्यासारखा पसरलेला असतो, आणि हे बूट बहुधा निमुळत्या पायांच्या मापानं घडवलेले असतात. लांबीचा आकडा बरोबर आला तरी करंगळी रडते. म्हणून माप संध्याकाळी घ्यावं, दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो. जाड मोजा घालून उभं राहावं आणि पुढे अर्धा अंगठा जागा सोडावी. रुंद पंजाचं मॉडेल मिळत असेल तर रंग पाहू नये. ‘वापरता वापरता सैल होईल’ असं सांगणाऱ्या दुकानदारावर, ‘लग्न झालं की सुधारेल’ म्हणणाऱ्या मध्यस्थाइतकाच विश्वास ठेवावा.

बंधन कशाचं, ते ठरवावं

बूट आवळायच्या तीन तऱ्हा. गोल चकती फिरवून तार ताणायची तऱ्हा झोकदार आहे. पण ती तार रामलिंगच्या रानात तुटली तर तिचा जोडीदार धाराशिवच्या बाजारपेठेत सापडायचा नाही. दुसरी वेल्क्रो. दिवाळीनंतर डोंगरावरचं गवत वाळलं की त्यात इतकी कुसळं रुततात की तो पट्टा बुटापेक्षा पायजम्यालाच जास्त चिकटतो. तिसरी नाडी. ती चिखलानं भरते, सुटते, चेनमध्ये जायला बघते, म्हणून टोक खोचून ठेवावं लागतं. पण तुटली तर गाठ मारता येते आणि नवी कुठल्याही गावात मिळते. गाठ मारून चालतं ते बंधन टिकाऊ, हा नियम जोड्याच्या दोन्ही अर्थांना लागू आहे.

माहेर जवळचं असावं

सगळ्यात महत्त्वाचं हे, आणि कुठल्याही पेटीवर ते छापलेलं नसतं. हे बूट फाटून मरत नाहीत. बहुधा तळ उकलून मरतात. वरचा भाग आणि तळ यांना नुसता डिंक धरून असतो, आणि एप्रिल-मेच्या उन्हात पत्र्यावर ठेवलेल्या बुटाचा डिंक मऊ पडतो.

माझा दुसरा जोड असाच जबडा वासून बसला, तेव्हा मी तो एसटी स्टँडजवळ झाडाखाली बसणाऱ्या मोचीकाकांकडे नेला. त्यांनी तो उलटा केला, क्लीटवरून अंगठा फिरवला आणि मान वर करून म्हटलं, “बैलावानी पत्री मारलाव की ओ सर बुटाला!” मी पेडल, झटका, जोर वगैरे समजावून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग आरी तळाच्या कडेवर टेकवली. ती रबरात गेली. “जमतंय,” म्हणाले, मेण लावलेला दोरा घेतला आणि चवड्याभोवती अकरा टाके घातले. तो जोड त्यानंतर दोन पावसाळे चालला.

तेव्हापासून माझी कसोटी एकच: तळाच्या कडेला आरी शिरेल एवढं रबर आहे का? असेल तर बूट टिकाऊ. नसेल तर तो महाग.

सोडचिठ्ठी सोपी असावी

या बुटातून सुटायचं तर टाच बाहेरच्या बाजूला वळवावी लागते. घाबरलेला माणूस पाय वर ओढतो, आणि वर ओढून तो सुटत नाही. माझं लोटांगण असंच, थांबलेल्या सायकलवरून, डाव्या कुशीवर, पाववड्याच्या गाड्यासमोर पडलं. म्हणून सुरुवातीला पेडलच्या स्प्रिंगचा स्क्रू ढिला ठेवावा आणि एकाहून अधिक दिशांना सुटणारं क्लीट लावावं. शिमानोच्या घरात त्याला एसएच-56 म्हणतात. क्लीट पेडलच्या कंपनीचंच हवं, बुटाच्या नव्हे. पितळी क्लीट मुरमात लवकर झिजतं. पोलादी जास्त दम धरतं.

काळ्या मातीचं वेगळं सांगतो. पावसात रानाच्या बांधावरून दहा पावलं चाललात की ती क्लीटच्या खाचेत लिंपल्यासारखी बसते, मग बूट अडकत नाही, आणि अडकलाच तर सुटत नाही. उपाय बांधावरच असतो: बाभळीचा वाळका काटा मोडून घ्यावा आणि खाच कोरून काढावी. तळाच्या रबरी खुरांमधल्या खाचा रुंद असतील तर माती निम्मी आपोआप गळते. खरेदी करताना तळ उलटा करून हे पाहावं.

नांदवावं

घेताना क्लीटचे बोल्ट काढून त्यांना ग्रीस लावावं, नाहीतर पावसाळ्यानंतर ते गंजून जागीच बसतात आणि बूट फेकावा लागतो. महिन्यातून एकदा 4 मिलिमीटरची अॅलन की फिरवून ते घट्ट आहेत का पाहावं. ओला बूट आत रद्दी पेपर कोंबून सावलीत वाळवावा. चुलीजवळ नाही, गच्चीवर नाही.

तर निवाडा असा: दोन बोल्ट, नायलॉनचा तळ, आरी शिरेल अशी रबरी कड, नाडी, पोलादी क्लीट, संध्याकाळचं माप. एवढं जुळलं की बाकीचे गुण पत्रिकेपुरते. आणि जोडा घरी आला की पहिले आठ दिवस चौकात जाऊ नका. गवतावर, भिंतीला हात धरून, दोन्ही टाचा शंभर वेळा सोडवून पाहा. मी पाहिल्या नव्हत्या. पाववडेवाले काका अजून मला बघून आधी हसतात आणि मग विचारतात, किती देऊ.