टपरीवरचे अर्थमंत्री

1 फेब्रुवारीला दिल्लीत अर्थसंकल्प मांडला जातो आणि आमच्या दिंडोरीकडच्या चहाच्या टपरीवर त्याच दुपारी तो नामंजूर होतो. नामंजूर करणारे नाना. द्राक्षपट्ट्यातल्या प्रत्येक गावात असे एक नाना असतातच. कुठे अण्णा म्हणतात, कुठे आप्पा.

नानांना आकडे तोंडपाठ. 2024-25 सालात खताच्या अनुदानाला 1 लाख 64 हजार कोटी आणि शेती संशोधनाला दहा हजार कोटीसुद्धा नाहीत! "गोणीला सोळा रुपये अन् डोक्याला एक! असा देश चालतो का?" आकडा खरा आहे, रागही खरा. पण मग खताचं कमी करायचं का, असं कोणी विचारलं की नाना बशी खाली ठेवतात. युरियाला हात लावायचा नाही. संशोधन वाढवायचं, शीतगृह बांधायचं, शेततळी द्यायची, विजेची नवी डीपी बसवायची आणि कर मात्र घटवायचे. नीट ऐकलं तर देशाचा हा प्राधान्यक्रम नानांच्या विहिरीपाशी सुरू होतो आणि त्यांच्याच बांधावर संपतो. पैसा कुठून आणायचा? "ते त्यांनी बघावं. सगळं आपणच करायचं का?"

अन्नसुरक्षा हा तर नानांचा जिव्हाळ्याचा विषय. 2006 चा कायदा त्यांना माहीत आहे. 2010 साली क्लोरमेक्वाट या रसायनाच्या अंशापायी आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, ते सांगताना त्यांचा आवाज अजून चढतो. म्हणून तालुक्याला एक लॅब हवीच. तिच्यासाठी त्यांनी जागाही हेरून ठेवली आहे, शेजाऱ्याची. नमुनेही तिथूनच घ्यावेत, असं त्यांचं मत.

एक्स्पोर्टच्या प्लॉटवर शेवटची फवारणी आणि काढणी यांतलं अंतर नाना एका दिवसाने चुकवत नाहीत. वही अशी, की तलाठ्याने शिकून जावं. लोकलच्या मालाला वही नाही. "आपल्या लोकांना सवय असते हो." घरामागच्या एका ओळीला मात्र औषधाचा थेंब लागत नाही. ती नातवंडांची.

परवा मी विचारलंच, "नाना, पैसा एकाच कामाचा असला तर आधी लॅब की डीपी?"

"डीपी," नाना म्हणाले. "लाइटच नसली तर लॅबची मशिनं काय ब्लोअरवर चालवायची?"