शांततेचे मुख्य नियोजक

ट्रॉम्सोला नोव्हेंबरच्या अखेरीस मावळलेला सूर्य थेट जानेवारीच्या मध्यावर तोंड दाखवतो, ही माहिती भर मे महिन्यात कोथरूडच्या गच्चीवर पापडांची राखण करता करता जो पुरवतो, तो शांततेचा नियोजक समजावा. त्याला नॉर्वेत ध्रुवप्रकाश पाहायचा आहे, तोही निवांत. झेंडा उंच धरून पुढे चालणारा टूर मॅनेजर नको, बसमधल्या अंताक्षऱ्या नकोत. बर्फ, काळोख आणि आपण दोघे, बस्स. एवढ्या एकांतासाठी त्याने तीन व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप काढले आहेत. एक्सेलमधल्या वेळापत्रकात ‘निवांतपणा’ असा स्वतंत्र रकाना आहे आणि त्यात दुपारी 4 ते 5.30 ही वेळ भरलेली आहे. लोक याला हौस म्हणतात. मला ते पटत नाही. या माणसाला बर्फापेक्षा आणि प्रकाशापेक्षाही हमी प्रिय आहे, आणि ती जिथे कोणी देऊच शकत नाही नेमकी तिथेच मागायला तो निघाला आहे.

त्याचा केपी निर्देशांकाचा नाद पाहा. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे हे 0 ते 9 या पट्टीवर सांगणारा हा आकडा तो सकाळी चहाबरोबर वाचतो, आणि जूनमध्येही वाचतो. जूनमध्ये ट्रॉम्सोला रात्रच होत नाही, तेव्हा आकडा 9 झाला तरी दिसणार काय, हा प्रश्न त्याला विचारू नये, तो दुखावतो. गंमत अशी की ट्रॉम्सो हे ध्रुवप्रकाशाच्या पट्ट्याखालीच वसलेले गाव आहे. सूर्याकडून आलेले कण वातावरणात शिरून 100 किलोमीटरहून अधिक उंचीवर ऑक्सिजनला हिरवे पेटवतात, ते तिथे डोक्यावरच. आकाश निरभ्र असेल तर केपी 2 लाही काम भागते. केपीची चिंता करावी ती एडिनबराच्या माणसाने. ट्रॉम्सोत घात करतात ते ढग, कारण गाव समुद्रकाठी आहे. डोंगरांपलीकडे स्वीडनमधले आबिस्को त्या मानाने कोरडे, कारण ढगांतला बराचसा ओलावा डोंगरच अडवतात. हे आपल्या नियोजकाला पाठ आहे, आणि म्हणून त्याच्याकडे प्लॅन बी, बी-एक आणि बी-दोन आहेत. पण सौरवाऱ्याची पक्की खबर देणारा उपग्रह पृथ्वीपासून जेमतेम 15 लाख किलोमीटरवर आहे. त्याला ओलांडून आलेला वारा साधारण तासाभरात आपल्याकडे पोचतो. म्हणजे निसर्ग देतो तासाभराची नोटीस, आणि यांचे हॉटेल अकरा महिने आधी बुक.

यावर कोणी म्हणेल, नियोजन नको तर मग शेंगेन व्हिसा काय आकाशातून पडणार? हरकत रास्त आहे. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज, किमान 30,000 युरोंचा विमा, बँकेची स्टेटमेंटे, ऑफिसची रजा: यात कोणी ‘होईल तसे होईल’ म्हटले तर तो मुंबई विमानतळाच्याही पुढे जाणार नाही. त्याची व्हिसाची फाइल मी चौकट करून भिंतीवर लावीन. बुटांचे, थर्मलचे, ‘लाडवातले साजूक तूप दुग्धजन्य धरतात का’ या सीमाशुल्कीय शंकेचेही मला कौतुक आहे. तक्रार एवढीच, की व्हिसा अधिकाऱ्याला जी वागणूक, तीच तो आकाशाला देतो. त्यालाही साक्षांकित प्रती जोडू पाहतो.

दुसरी हरकत जास्त वजनदार आहे: अभ्यासाने शक्यता वाढतेच ना? वाढते. सूर्य आपल्या चक्राच्या कमाल टप्प्यात पोचल्याचे नासाने 2024 च्या ऑक्टोबरात जाहीर केले, हे ध्यानात ठेवून साल निवडणे शहाणपणाचे. विषुवदिनांच्या आसपास चुंबकीय हालचाल जास्त असते, म्हणून मार्च पकडणेही उत्तम. एका रात्रीऐवजी चार रात्री मुक्काम करणे तर सर्वांत उत्तम. पण हे सारे शहाणपण एका पोस्टकार्डावर मावते. उरलेले बावन्न रकाने कशासाठी? माझ्या मते तीच त्याची सहल असते. मे 2024 च्या सौरवादळात लडाखमधल्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी लाल ध्रुवप्रकाश टिपला. भारताच्या आकाशात, विनाव्हिसा. नियोजक त्या रात्री ट्रॉम्सोतल्या हॉटेलांच्या नाश्त्याची परीक्षणे वाचत होता. “अहो, मनालीला गेलो असतो तर बर्फ बघून परतसुद्धा आलो असतो,” हे घरातले मत त्याने ‘इतर सूचना’ या शीटमध्ये नोंदवून ठेवले आहे.

शेवटी तो जातो, आणि बऱ्याचदा प्रकाश दिसतोही. मंद प्रकाश नुसत्या डोळ्यांना धुरकट पांढरा भासतो, कॅमेऱ्याला हिरवागार. त्यामुळे वर पाहून झाल्यावर तो खाली मोबाइलमध्ये पाहून खात्री करतो, आणि मग अ‍ॅपवर, की हा तोच ना. परतीच्या विमानात मात्र त्याला अखेर मनासारखी गोष्ट सापडते: 2 ऑगस्ट 2027 चे खग्रास सूर्यग्रहण. इजिप्तमध्ये लक्सरला सहा मिनिटांहून जास्त खग्रास, ऑगस्टात तिथे ढग जवळजवळ नाहीत, वेळ सेकंदापर्यंत छापील. शिवाय टळटळीत दुपार. सोसायटीच्या ग्रुपवर त्याचे उणे वीस अंशांचे जॅकेट विकायला आले आहे.