चोक सोडला की बंद

फेअरफॅक्स, व्हर्जिनिया
रविवार, कुकरची शिट्टी होईपर्यंत

ती. स्व. आई-अण्णांना सूनबाईचा शि. सा. नमस्कार.

परवा व्हिडिओवर आईंनी चिरंजीवांचे कोपरापर्यंत काळे हात पाहिले, "नोकरी गेली का रे?" एवढंच विचारलं आणि फोन अण्णांकडे दिला. नोकरी शाबूत आहे. हात काळे झाले ते गवत कापायच्या मशीनपायी.

पार्सल पोचलं. मेतकूट, लसणाची चटणी, कुरडया सगळं धड आलं. हिरड्याची पूड कुणाच्या पोटाचं काय ऐकून पाठवलीत तेवढं कळवा. वन्संकडून काही आलं असेल तर ते खोटं आहे.

तर मशीन. नोव्हेंबरात ते गॅरेजच्या कोपऱ्यात गेलं आणि एप्रिलात बाहेर आलं, अर्धी टाकी पेट्रोल पोटात तसंच. दोरी ओढली की सुरू व्हायचं, चोक सोडला की बंद. चोक अर्धा ठेवला तर रेस आपली आपण वर जायची, खाली यायची, पुन्हा वर. अगदी बापूभाऊजींच्या घोरण्यासारखी. शेजारचे म्हातारे गृहस्थ कुंपणापाशी येऊन उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत, नुसते गवताकडे बघायचे.

त्या बघण्यामागे कायदा आहे. इथे अर्ध्या एकराच्या आतल्या घराच्या अंगणात गवत 12 इंचांच्या वर वाढू द्यायचं नाही, असा काउंटीचा नियम आहे. हा नियम आंबेगाव तालुक्यात लावला तर श्रावणात बांधावरचा एकही माणूस सुटायचा नाही! बरं, कापलेलं गवत घालायला दारात म्हैस नाही. ते कागदी पिशव्यांत भरून रस्त्याच्या कडेला ठेवायचं. प्लॅस्टिकची पिशवी असली तर उचलणार नाहीत. गवत विकत घेतलेल्या पिशवीत घालून फुकट द्यायचं, हे अण्णांना सांगू नका असं चिरंजीवांनी बजावलं आहे, म्हणून ते लिहीत नाही.

दुरुस्तीवाल्याला विचारलं तर शंभराच्या वर डॉलर आणि तीन आठवडे थांबा. म्हणजे नऊ-दहा हजार रुपये. एवढ्यात एखादी जुनी एम-एटी मिळेल, तीही सुरू होणारी.

अण्णांनी फोनवरच निदान केलं: "लाइनीत हवा धरलीय, नोझल ढिलं करून काढ." हयात किर्लोस्करच्या डिझेल इंजिनावर गेलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? या मशीनला नोझल नाही, कार्बोरेटर आहे. पण दुखणं इंधनात आहे हे त्यांनी तिथे बसून बरोबर ओळखलं. पडून राहिलेल्या पेट्रोलमधला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट राळ उरते. इथल्या पेट्रोलमध्ये बहुधा 10 टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं. राळ बसते जेटच्या भोकात, आणि ते भोक मिलिमीटरभरही नसतं. मग हवा पुरेशी, पेट्रोल अपुरं. चोक ओढला की हवा कमी होते, दोन्हीचं जमतं आणि इंजिन चालतं. रेस वर-खाली होते ती गव्हर्नरच्या धडपडीमुळे: फेरे पडले की तो थ्रॉटल उघडतो, वाढले की मिटतो. बिचारा इमानदार आहे, त्याला शिव्या घालू नयेत. चिरंजीवांनी घातल्या.

मग जेवणाच्या टेबलावर चटणीच्या पार्सलचा कागद पसरला आणि कार्बोरेटर उघडला. वाटीच्या तळाशी पाण्याचा थेंब, कडेला पांढरी भुकटी. जेट उजेडाला धरला तर आरपार काही दिसेना. अण्णा म्हणाले, क्लच वायरची एक तार घाल. ती इथे कुठली? शेवटी तुमच्या नातीच्या गिटारची सगळ्यात बारीक तार कामी आली. पितळ मऊ असतं, घासू नको, नुसती आत-बाहेर कर, हा सल्लाही अण्णांचाच. तेवढ्यात चिरंजीवांची नजर खालच्या कागदावर गेली. बैलगाडा शर्यतीची बातमी होती, ओळखीच्या घाटाची. जेट हातात तसाच राहिला. तेलाचे डाग पुसत पुसत त्यांनी गाड्यांची नावं वाचली, पान उलटून शेवग्याचे बाजारभाव वाचले, एका दशक्रियेची जाहिरातसुद्धा वाचली. हाक मारली तर ओ नाही. डोळ्यांत पेट्रोलचा वास गेला असं नंतर सांगण्यात आलं. सूनबाईच्याही गेला होता.

मशीन आता पहिल्या दोरीला सुरू होतं. ताजं पेट्रोल आणताना पंपावरची चिठ्ठी वाचावी लागते: 15 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 2001 पासूनच्या गाड्यांना चालतं, गवताच्या मशीनला मनाई. इथेनॉल नसलेलं डबाबंद मिळतं, पण लिटरभराला सात-आठ डॉलर. त्या भावात तूप येईल. आणि कॅन! वाफ बाहेर जाऊ नये म्हणून 2009 पासून सगळ्या कॅनना आपोआप मिटणारी तोटी सक्तीची आहे. एका हाताने दाबा, दुसऱ्याने फिरवा, तिसऱ्याने धरा. सांडू नये म्हणून केलेल्या तोटीने जेवढं सांडलं, तेवढं पाण्याच्या बाटलीतून कधी सांडलं नव्हतं.

अण्णा, तुमचा फवारणीचा पंप भाताच्या हंगामानंतर माळ्यावर टाकाल तेव्हा टाकी रिकामी करा आणि बंद पडेपर्यंत चालवा. तिकडे आता 20 टक्क्यांचं पेट्रोल आहे. तुम्ही म्हणाल, लेक कालचा मेकॅनिक. म्हणा.

उसात बिबट्या दिसल्याचं आईंनी जाता जाता सांगितलं, तसं जाता जाता सांगायचं नसतं. रात्रीची लाइट असली तरी मोटर चालू करायला एकट्याने जायचं नाही. पीक एक दिवस तहानेलं राहील.

मोठ्या काकूंचा गुडघा, वन्संच्या लेकीचं मंचरचं स्थळ आणि डिंभ्याच्या कॅनॉलचं पाणी, तिन्हींचं सविस्तर लिहा. स्थळाचं आधी. बापूभाऊजींनी बैल घेतल्याचं इथपर्यंत कळलं आहे, आकडाही कळला आहे. तो आईंना अजून सांगितला नसेल, तर अण्णा, पत्र वाचून दाखवताना एवढा परिच्छेद गाळा.

तुमची,
सूनबाई