पिठ्या ढेकणास अनावृत पत्र

रा. रा. पिठ्या ढेकूण,
मुक्काम : जास्वंदीचा शेंडा, वरची गच्ची, पुणे



वैशाखात आमच्याकडे कोणी येणार नाही, असं आजवर झालेलं नाही. त्यामुळे तुम्ही आलात याचं नवल वाटलं नाही. नवल याचं, की तुम्हाला कोणी ‘या, बसा’ म्हटलं नव्हतं, तरी घरातली सगळ्यांत हवेशीर जागा तुम्हालाच मिळाली.

बाकीची मंडळी निदान फोन करून आली. शाळा सुटल्या सुटल्या मुंबईची नणंद मुलांना घेऊन आली, अक्षय्य तृतीयेला आत्या आल्या, आणि सासूबाईंचे बंधू, म्हणजे मामा, एका मुंजीचं निमित्त करून आले ते मुंज लागून गेली तरी अजून इथेच आहेत. हॉलभर गाद्या, पलंगाखाली पेंढ्यात आंबे, बाथरूमपाशी रांग. अशात गच्चीवर निवांत कोण जाणार? पहाटे घाईघाईनं कुंड्यांना पाणी घालायचं, मोगरा खुडायचा, की आलेच खाली, चहाचं आधण ठेवायला. हे तुम्ही बरोबर हेरलंत. पानाच्या पाठीमागे, कोवळ्या शेंड्याच्या खोबणीत, कापसाचा बोळा होऊन बसलात.

तुमचा प्रवास मात्र कौतुकाचा आहे. तुमच्या माद्यांना पंख नाहीत. नुकती अंड्यातून निघालेली पिल्लं सगळ्यांत चालती-फिरती. ती वाऱ्यावर जातात, मुंग्यांच्या पाठबळावर जातात आणि आमच्यावरही जातात. तुम्ही आमच्याकडे आलात ते एका आतेसासूबाईंच्या पिशवीतून. ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली दुहेरी गुलाबी जास्वंदीची फांदी, ‘लगेच लागते गं’ या आशीर्वादासह. फांदी लागली की नाही ते कळायच्या आधी तुम्ही लागलात. आपल्याकडे सुट्टीत कोणी मोकळ्या हातानं येत नाही आणि मोकळ्या हातानं जात नाही, या रीतीवर तुमचा सगळा वंशविस्तार चालला आहे.

आणि हा काही पुण्यापुरता मामला नाही. तुमचा मेक्सिकोकडचा भाऊबंद, पपईवरचा, 2008 साली कोईमतूरला उतरला आणि 2010मध्ये पुणे भागातल्या पपईबागा पांढऱ्या करून मोकळा झाला. उलट, आशियात पूर्वापार नांदणारा तुमच्यातला गुलाबी ढेकूण 1994मध्ये कॅरिबियनमधल्या ग्रेनाडा बेटावर पोचला आणि तिथल्या जास्वंदी त्यानं आखडून टाकल्या. म्हणजे त्यांचे आमच्याकडे, आमचे त्यांच्याकडे. व्हिसा नाही, तिकीट नाही. आमच्या धाकट्या दिरांना मुलीकडे अमेरिकेला जायला केवढे कागद जमवावे लागले!

घरातल्या मंडळींना तुमचा पत्ता लागला तो संकष्टीला. गणपतीला एकही धड फूल निघेना. शेंडे मुरडलेले, कळ्या गळलेल्या, पानांवर काजळी. ती काजळी म्हणजे बुरशी, आणि ती वाढते तुम्ही रस पिऊन मागे सोडता त्या गोड चिकट्यावर, हे मी सांगेपर्यंत घरात प्रत्येकाचा उपाय तयार होता. आत्यांचं म्हणणं आंबट ताक. मामांचं तंबाखूचं पाणी, आणि त्याकरता तंबाखू आपल्याच डबीतून देण्याची तयारी. नणंदेला कुणीतरी हिंग सांगितला होता. एका भाच्यानं व्हिडिओ पाहून कोकाकोला सुचवला. तो अर्थात कुंडीपर्यंत पोचलाच नाही. तुम्ही अंगावर मेणाचा असा काही अंगरखा चढवून बसलेले, की साधं पाणी त्यावरून ओघळून जातं. मेण सुटतं ते साबणाच्या पाण्यानं. त्यात निंबोळी तेल घालून, उतरत्या उन्हात पानांच्या खालून फवारावं लागतं, आणि तेही पुन्हा पुन्हा. कारण तुमची एकेक मादी कापसाच्या पिशवीत शेकड्यांनी अंडी घालते आणि उन्हाळ्यात महिन्याभरात पुढची पिढी उभी राहते. पाण्याच्या जोरदार धारेनंही तुम्ही उडाला असतात. पण मे महिन्यात, घरात एवढी माणसं असताना, टँकरचं पाणी कुंड्यांवर धारेनं मारायचं धैर्य माझ्यात नाही.

तुमच्या नरांबद्दल मात्र आदर आहे. पंख फुटलेल्या नराला खायला तोंडच उरत नाही, असं वाचलं. येतो, लग्न लावतो, थोड्या दिवसांत जातो, आणि यजमानाच्या घरात अन्नाचा कणही घेत नाही. ही चाल मामांच्या कानावर घालावी असं फार मनात आलं.

आणि तुमचे ते मुंगळे! चिकटा चाटायच्या मोबदल्यात रात्रंदिवस पहारा. तुम्हाला खाणारं कोणी आलं की त्याला हाकलायचं, आणि शेंडा सुकला की तुमच्या पिल्लांना पुढच्या कुंडीवर पोचवायचं. म्हणून आता कुंड्या पाण्यानं भरलेल्या ताटल्यांत विटांवर ठेवल्या आहेत. तुमची सुरक्षाव्यवस्था पलीकडच्या काठावर घुटमळते आहे.

तुम्हाला एका जुन्या परिचिताची वार्ता द्यायची राहिली. क्रिप्टोलेमस आठवतो का? नारिंगी डोक्याचा, काळसर पाठीचा ढालकिडा. कॉफीवरच्या किडीसाठी तो 1898मध्ये ऑस्ट्रेलियातून भारतात आणला गेला, आणि आज द्राक्षबागायतदार तुमच्याच बंदोबस्तासाठी त्याला सोडतात. पपईवरच्या तुमच्या भाऊबंदामागे तर 2010मध्येच प्युएर्तो रिकोहून एक मिलिमीटरही न भरणारी गांधीलमाशीची जात बंगळुरूला आणली गेली. तिनं त्याच्या अंगातच आपली पिल्लं वाढवली. पाहुण्याच्या घरी पाहुणा कसा असतो, ते त्याला तरी कळलं असेल.

तेव्हा निकाल असा. मुरडलेले शेंडे कापले, पिशवीत गच्च बांधून बाहेर काढले. कंपोस्टच्या ड्रमात नाही. परत जाणाऱ्यांना यंदा आंबे मिळतील, कुरडया मिळतील, मोरांबा मिळेल. फांदी कोणालाही मिळणार नाही, आतेसासूबाईंनाही नाही. त्यांना राग आला तर तो तुमच्या खाती.

हे पत्र वाचणाऱ्या बागवाल्यांना एकच विनंती. नवीन रोप आलं की पंधरा दिवस वेगळं ठेवा आणि पान उलटून बघा. पांढरं काही दिसलं तर लगेच चिरडू नका. ते ढेकणाहून मोठं, झुबकेदार आणि भराभर चालणारं असेल, तर ते क्रिप्टोलेमसचं पिल्लू असण्याचा संभव आहे; मेणाचा तसाच अंगरखा घालून ते ढेकूण खायला आलेलं असतं. त्या फांदीवर फवारणी करू नका.