घरकुल कसं बांधावं : नवशिक्यांसाठी

आमच्या नगरपंचायतीच्या फाटकासमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. घरकुल योजनेत काय आहे हे साहेबांना ठाऊक असतं, अर्जाला काय जोडावं लागतं हे मला. दुसरी माहिती जास्त कामाची, म्हणून हे मार्गदर्शन. सल्ल्याची फी नाही. पानाला दोन रुपये.

आधी एक छोटी चाचणी. तुमच्या नावावर भारतात कुठेही पक्कं घर आहे का? गेल्या वीस वर्षांत कुठल्या सरकारी घरकुलाचा लाभ घेतलाय का? वर्षाचं उत्पन्न तीन लाखांच्या वर आहे का? तिन्हीची उत्तरं 'नाही' आली की तुम्ही गरीब ठरलात. आता पुढचे प्रश्न. स्वतःची जागा आहे का? तिच्या उताऱ्यावर तुमचंच नाव आहे का? पाया भरायला लाख-सव्वा लाख रोख आहेत का? या तिन्हींची उत्तरं 'हो' आली तर तुम्ही योग्य प्रकारचे गरीब आहात. पुढे वाचा.

दार कोणतं ठोठावायचं

प्रधानमंत्री आवास योजना (शहरी) 25 जून 2015 ला सुरू झाली आणि 1 सप्टेंबर 2024 पासून तिचा दुसरा अवतार चालू आहे. या अवताराला चार दारं आहेत. स्वतःच्या जागेवर स्वतः घर बांधणं, सरकार आणि बिल्डरच्या भागीदारीतली परवडणारी घरं, भाड्याची घरं आणि गृहकर्जाच्या व्याजात सवलत. चारही दारांचं फ्लेक्सवर सारखंच मोठं चित्र असतं.

भागीदारीतल्या घरांचं उत्तम उदाहरण सोलापूरजवळ कुंभारीला बघून या. असंघटित कामगारांसाठी तीस हजार घरांची रे नगर वसाहत, त्यातल्या पहिल्या पंधरा हजार घरांचं वाटप 19 जानेवारी 2024 ला झालं. मात्र त्यासाठी मागे आडम मास्तरांसारखा कामगार पुढारी, विडी कामगार बायकांची संघटना आणि कित्येक वर्षांचे मोर्चे लागतात. आमच्या गावात विडीशी संबंधित म्हणाल तर दोन पानटपऱ्या आहेत.

व्याज सवलतीचं दार अधिक गमतीचं. पंचवीस लाखांपर्यंतच्या कर्जात पहिल्या आठ लाखांवर चार टक्के, पाच वार्षिक हप्त्यांत मिळून जास्तीत जास्त 1 लाख 80 हजार. पण आधी बँकेने कर्ज द्यायला हवं. सेतूतून काढलेला उत्पन्नाचा दाखला जितका कमी रकमेचा तितका योजनेला बरा, आणि जितका जास्त तितका बँकेला. वडापावच्या गाडीवाल्याला पगाराची स्लिप कुठली? अशांच्या दाखल्याच्या मी दोन प्रती काढतो. बँकेच्या कौंटरवरून ते परत येतात तेव्हा त्यातली एक वाचलेली असते.

भाड्याच्या घरांचं दार आमच्याकडे अजून फ्लेक्सवरच आहे. म्हणजे उरलं पहिलं. आपली जागा, आपलं घर.

जागा, म्हणजे आजोबा

इथे सावकाश चला, नवशिके इथेच पडतात.

आमचं गाव तालुक्याचं ठिकाण, म्हणून ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली. पाटी बदलली, घरपट्टी वाढली, गावठाण तेच राहिलं. गावठाणातल्या बहुतेकांकडे कागद म्हणून आहे तो जुना नमुना आठचा उतारा. तो कर आकारणीचा कागद आहे, मालकीचा नव्हे, पण हे कळायला घरकुलाचा अर्ज करावा लागतो. एप्रिल 2020 मध्ये गावठाणांची ड्रोनने मोजणी करून मालमत्ता पत्रक देणारी स्वामित्व योजना आली तेव्हा आम्हीही आकाशाकडे बघितलं. ड्रोन ओढ्यापलीकडच्या वाडीवरून घिरट्या घालून गेला. ती योजना ग्रामीण भागासाठी, आणि आम्ही शहर झालो होतो.

बरं, उतारा काढलात. त्यावर आजोबांचं नाव आहे. आजोबा 1988 साली गेले, पण महसुली दप्तरात त्यांची तब्येत उत्तम आहे. आता वारस नोंद करायची. आजोबांना चार मुलगे, तीन मुली. मुलग्यांपैकी दोघे मुंबईला, एकाचा पत्ता नाही, चौथे तुमचे वडील. नोंद झाली की सातबाऱ्यावरच्या पिकापेक्षा दाट अशी नावांची रांग उगवते. त्या सगळ्यांनी हक्कसोडपत्र करून दिलं तर जागा तुमची.

इथे लोक आत्यांना शिव्या घालतात. 'साडी-चोळी केली, दिवाळीला बोलावतो, तरी सही देत नाही.' माझ्या दुकानात हे संवाद इतके झालेत की मशीनच्या खडखडाटातही मला पुढचं वाक्य कळतं. पण मुलींचा वडिलोपार्जित मिळकतीत सारखा हक्क ही काही आत्याची मागणी नाही. महाराष्ट्राने 1994 साली त्या दिशेने पाऊल टाकलं आणि 2005 साली देशभर कायदाच झाला. तीन आत्यांपैकी एखादी पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहत असते, तिलाही घर हवं असतं. तिची सही मागताना एकदा तिच्या घरी जाऊन छताकडे बघून यावं, एवढीच माझी नवशिक्यांना सूचना.

गावठाणाबाहेर कुणाच्या तरी शेतात गुंठा-दीड गुंठा घेतला असेल तर तुमचा कागद शंभर-पाचशेच्या स्टॅम्पवरची नोटरी असणार. गुंठा 1089 चौरस फुटांचा असतो. नोटरीत तो कधी कधी हजाराचाही भरतो. अशा तुकड्यांसाठी 2001 चा गुंठेवारी कायदा आहे आणि 31 डिसेंबर 2020 पर्यंतची गुंठेवारी त्यात नियमित करून घेता येते. शुल्क भरा, नकाशा द्या, थांबा.

एकदा जागा सरळ झाली की बांधकाम परवानगी ही किरकोळ गोष्ट आहे. राज्याच्या 2020 च्या एकत्रित नियमावलीप्रमाणे दीडशे चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडाला नकाशा देऊन शुल्क भरलं की पावती हीच परवानगी. पंधरा वर्षं आजोबांशी झुंजलेल्या माणसाला ती पावती हातात घेतल्यावर फसवल्यासारखं वाटतं.

मला विचाराल तर नगरपंचायतीने घरकुलाचे मेळावे घेण्याआधी वारस नोंदीचे आणि मोजणीचे घ्यावेत. तलाठी, भूमी अभिलेखवाले, दुय्यम निबंधक तिघे एका मांडवात बसवावेत. विटा नंतर येतील. मला कुणी विचारत नाही, आणि असे मेळावे झाले तर माझा धंदा निम्म्यावर येईल, तेव्हा हा सल्ला निःस्वार्थी समजावा.

कुटुंब

योजनेच्या लेखी कुटुंब म्हणजे नवरा, बायको आणि त्यांची अविवाहित मुलं. घर बाईच्या नावावर किंवा दोघांच्या नावावर. चांगला नियम. फक्त तिशी ओलांडलेल्या मुलाला तो समजावून सांगणं अवघड जातं. मुलीकडचे विचारतात, स्वतःचं घर आहे का? घर मागायला गेलं तर कळतं, लग्न झालेलं नाही म्हणून तुम्ही अजून वडिलांच्या कुटुंबात. अशांनी आशा सोडू नये. झेरॉक्स काढून ठेवाव्यात.

पैसे

केंद्राचे दीड लाख, राज्याचा एक लाख, एकूण अडीच. केंद्राचा दीड लाख 2015 पासून दीड लाखच आहे. सिमेंट, सळई, गवंड्याची हजेरी कुणीही त्याच्यासाठी थांबलेलं नाही. घर 30 ते 45 चौरस मीटरचं. सगळ्यात लहान धरलं तरी सव्वातीनशे चौरस फूट झालं, आणि आमचा मिस्त्री फुटाला सतराशे सांगतो. साडेपाच लाख. उरलेल्या तीन लाखांना फ्लेक्सवर 'लाभार्थी हिस्सा' म्हणतात, घरी बायकोचे दागिने म्हणतात.

शिवाय अडीच लाख एकदम येत नाहीत. आधी काम, मग हप्ता. जोत्यापर्यंत आलात की एक, पुढे लिंटल, स्लॅब, असं. प्रत्येक टप्प्याला इंजिनिअर येऊन मोबाईलवर जिओ टॅग फोटो काढतो. फोटोत तुम्ही स्वतः उभं राहायचं असतं. हसावं की नाही, याबद्दल मार्गदर्शक सूचनांत काही नाही.

जुनं घर पाडायचं कधी, हा सर्वात महत्त्वाचा निर्णय. बहुतेक जण वर्क ऑर्डर मिळाली की त्याच आठवड्यात पाडतात, शेजारी चार पत्रे उभे करतात आणि म्हणतात, दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. लिंटलचा हप्ता अडकतो आणि मृग लागतो. आमच्या पेठेत एका कुटुंबाने पत्र्याखाली दोन पावसाळे काढले. पाडलेलं घर मातीचं होतं, पण गळत नव्हतं.

जागाच नसेल तर

ग्रामीण भागात जागा विकत घ्यायला मदत करणारी दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना आहे. पण ती ओढ्यापलीकडे. अलीकडच्या योजनेत जागेसाठी पैसा नाही, घरासाठी आहे.

मागच्या सोमवारी, बाजाराच्या दिवशी, स्टँडमागे भाड्याने राहणारी एक भाजीवाली मावशी आली. अर्जाला लागणाऱ्या कागदांची यादी मी दुकानाच्या दारावर चिकटवली आहे. तिने ती कुणाकडून तरी वाचून घेतली आणि पिशवीतून जे होतं ते काढून काचेवर ठेवलं. आधार, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, उत्पन्नाचा दाखला. जागेचा कागद विचारला तर म्हणाली, तो घर मिळाल्यावर मिळेल ना?

चार पानांचे आठ रुपये झाले.