स्टिकर कुणाचा, लाकूड कुणाचं!

अहो, ऐकलंत का? या ना जरा गडग्याजवळ, मोठ्याने बोलण्यासारखं नाहीये. बागवाल्या काकांच्या नातवाची ती बॅट... हो हो, तीच, जिच्यापायी सगळ्या आळीची दुपारची झोप उडाली होती! ठक ठक, ठक ठक. मला वाटलं, काकांनी आंब्याच्या पेट्या ठोकायला सुतार बसवला. पण कार्तिकात कसल्या पेट्या? म्हणून डोकावले, तर पडवीत हा बसलेला, मांडीवर बॅट, हातात लाकडी हातोडा. "काकू, नॉकिंग करतोय." म्हणे नव्या बॅटला आधी अळशीचं तेल पाजायचं, मग दिवसचे दिवस ठोकायची, म्हणजे लेदरच्या बॉलने ती फुटत नाही. आता कळलं ना, आजींची गुडघ्यांच्या तेलाची बाटली कुठे रिकामी होत होती ते? आणि त्या संशय घेत होत्या कामाच्या मुलीवर. मी काही बोलले नाही. आपल्याला काय करायचंय!

तर काय सांगत होते... बॅट. काकांनी ती मुंबईहून आणली, अडीच हजारांत. पुढे लाल अक्षरांत एमआरएफ, मागे सोनेरी अक्षरांत इंग्लिश विलो, वर कुणाचीतरी सही. मारुती मंदिरापासून मांडवीपर्यंत एक माणूस सोडला नाही त्यांनी. "सचिन वापरायचा तीच!" त्यांची सून बँकेत, तिला सगळं कळतं, पण सासऱ्यांपुढे बोलेल का? मला मात्र इथेच उभी राहून हळूच म्हणाली, "काकू, एमआरएफ ही चेन्नईची टायरची कंपनी. सचिन १९९६ चा वर्ल्डकप कोऱ्या बॅटने खेळला, हा स्टिकर त्यानंतर आला. पुढे तो कोहलीच्या बॅटवर गेला. स्टिकर म्हणजे जाहिरात, त्यावरून आतलं लाकूड काय कळणार?" आणि पुढे म्हणते, चांगल्या इंग्लिश विलोला पंधरा-वीस हजार सहज पडतात. ते लाकूड इंग्लंडातून यायचं, बरंचसं एसेक्सकडचं, मग आपल्या मेरठ-जालंधरला त्याच्या बॅटी व्हायच्या. अडीच हजारांत ते काय पोहत आलं?

बरं, दिवाळीला पुण्याचे जावई आले. तुम्ही माहेरी गेला होतात ना तेव्हा, म्हणून तुमचं हुकलं. गाडीच्या डिकीतून ही मोठी पिशवी निघाली, तिच्यात काठ्याच काठ्या. गोल्फ हो! आजींनी चष्मा पुसून विचारलं, "जावईबापू, बॉल एक आणि काठ्या एवढ्या?" ते म्हणाले, "चौदापर्यंत चालतात आजी, नियमच आहे." आजी आत येऊन मला म्हणाल्या, "चौदा! आणि रत्नागिरीत खेळणार कुठे? सड्यावर? गुरं काय म्हणतील?"

पण माणूस सरळ हो. काकांनी खोचून विचारलं, "ब्रँडेड का?" तर हसत म्हणाले, "छे! टेलरमेड, कॅलवे, टायटलिस्ट, हे सगळे बघून आलो. एका ड्रायव्हरच्या, म्हणजे एकाच काठीच्या, किमतीत माझा महिन्याचा किराणा भरतो. मी क्लोन घेतले." आकार त्याच धर्तीचा, पण नाव भलत्याच कुठल्यातरी साध्या कंपनीचं, आणि किंमत किती कमी! म्हणाले, "अजून माझा स्विंगच बसलेला नाही. येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर मी निम्मे बॉल झाडीत घालवतो. महागड्या काठीने तरी ते झाडीतच जाणार ना?" यावर काका जे हसले! मिशीवरून हात फिरवत म्हणतात कसे, "नक्कल ती नक्कल. आमच्याकडे नाही बुवा असला माल. ए, बॅट आण रे!" बॅट आली, हॉलभर फिरली. सुनेने तेवढ्यात चकल्यांचं ताट पुढे केलं, नाहीतर तिला हसू आवरलं नसतं. मी समोरच होते ना.

जावई काही चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, की क्लोन वेगळे आणि खोटे वेगळे. खोट्यावर मोठ्या कंपनीचं नाव जसंच्या तसं छापलेलं असतं, विकणारा शपथेवर ओरिजिनल म्हणून विकतो. गोल्फवाल्या कंपन्या एरवी एकमेकींच्या जिवावर उठलेल्या, पण असल्या मालासाठी २००४ पासून एकत्र आल्यात आणि पार चीनमध्ये पोलिसांना छापे घालायला लावतात म्हणे. काका मान डोलावत होते. "बरोबर आहे, ठोकून काढलं पाहिजे एकेकाला!"

आणि मग ती मॅच.

भात कापून मळा मोकळा झालाच होता. टेनिस बॉलची टुर्नामेंट, मांडव, कॉमेंट्रीवाला, यूट्यूबवर लाइव्ह, सगळं साग्रसंगीत. २०२४ ला ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियममध्ये ती आयएसपीएल झाली ना, टेनिस बॉलची, अमिताभची टीम वगैरे, तेव्हापासून आपल्याकडचं प्रत्येक पोर स्वतःला उद्याचा स्टार समजतंय. काका पहिल्या रांगेत, शेजारी जावई. नातवाच्या टीमचा कॅप्टन तो मिरकरवाड्याचा रिक्षावाला, ओळखता तुम्ही, आपल्याला स्टेशनवर सोडतो तो. त्याने बॅट हातात घेतली, उलटी केली, स्टिकरची कड नखाने उचलून खालचे दाणे बघितले... त्या लाकडातल्या उभ्या रेघांना दाणे म्हणतात हो. आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "काका, ही काश्मीर विलो आहे. घासून पांढरी केलीय. आणि हा स्टिकर? बाजारात दीड-दोनशेला पूर्ण सेट मिळतो. सांगाल त्या कंपनीचा."

बाई, काय चेहरा उतरला काकांचा! आधी लाल झाले, मग पांढरे. जावई आकाशाकडे बघायला लागले, जणू काही विमान चाललंय. नातू तर मांडवाच्या मागेच पळाला.

पण गंमत पुढेच आहे. कॅप्टन म्हणतो, "लाकूड वाईट नाही हां काका. टेनिसला काश्मीरच पाहिजे. इंग्लिश घेतली असती तर पैसे पाण्यात होते. हा बॉल हलका, त्याला बॅट झटकन फिरली पाहिजे, कड जाड पाहिजे, म्हणून तर मागून लाकूड काढून स्कूप करतात." आणि नॉकिंग? नातवाने मागूनच डोकावून विचारलं तर तो खो खो हसला. "टेनिसच्या बॉलला कसलं नॉकिंग रे!" म्हणजे बघा! आमची झोप, आजींचे गुडघे, सगळं फुकट!

कॅप्टनची स्वतःची बॅट मी बघितली. काळीसावळी, नाव ना गाव. काश्मीरमध्ये अनंतनागकडे संगम म्हणून गाव आहे, हायवेला लागून दुकानांपुढे बॅटींचे ढीग रचलेले असतात, तिथून कुरियरने मागवलेली. तसल्या काश्मिरी बॅटी घेऊन ओमानचे खेळाडू २०२१ च्या टी-ट्वेंटी वर्ल्डकपात उतरले होते, हेही त्यानेच सांगितलं. रिक्षा चालवतो, पण ज्ञान बघा. त्या बॅटीने त्या दिवशी बॉल पार चिंचेच्या झाडापलीकडे... जाऊ दे, मॅचचं नंतर सांगेन.

रात्री घरी काय झालं ते मला सुनेनेच सांगितलं. काका जेवले नाहीत. झोपाळ्यावर बसून एकच, "फसवलं मेल्याने, इंग्लिश म्हणून विकली!" आता तुम्हाला माहीतच आहे, एप्रिल लागला की यांचं काय सुरू होतं. वाशी मार्केटमध्ये कर्नाटकचा आंबा रत्नागिरी हापूसच्या पेटीत भरून विकतात, जाड सालीचा, आत पिवळा, केशरीपणा नाही, वास नाही, आणि लोक घेतात कसे! २०१८ ला हापूसला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन हो, मिळालं तेव्हा पेढे कुणी वाटले होते? यांनीच. तर सुनेने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि अगदी मऊ आवाजात म्हणाली, "बाबा, कर्नाटकचा आंबा कर्नाटकचा म्हणून विकला तर तुम्हीच म्हणता, खाईना का कुणी, स्वस्त आहे. पेटीवरच्या नावाचाच राग येतो ना तुम्हाला?" संपलं. झोपाळा थांबला. आजी आतून म्हणाल्या, "भात वाढू का आता?"

मला विचाराल तर चूक पोराची नाहीच. त्याला काय, सगळ्यांच्या बॅटीवर काहीतरी चिकटवलेलं असतं. शिवाजी स्टेडियमवर बघा एकदा जाऊन, बिनस्टिकरची बॅट शोधून सापडायची नाही. काकांनी मात्र जावयांना टोमणा मारला नसता तर एवढं झोंबलंही नसतं.

दुसऱ्या दिवशी काकांनी सुनेचा हेअर ड्रायर मागून घेतला आणि स्टिकर गरम करून स्वतः सोलून काढला. बॅट दिसायला लागली अगदी भुंडी. नातू रुसला. म्हणाला, कोऱ्या बॅटीने खेळलो तर पोरं हसतील. शेवटी गेला कोठारात, गेल्या सीझनची उरलेली पेट्यांवरची लेबलं काढली आणि त्यातलं एक दिलं बॅटीच्या पाठीवर चिकटवून. काकांच्या बागेचं नाव, पिवळाधमक आंबा, खाली अस्सल रत्नागिरी हापूस.

काकांनी चष्म्यातून बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "अरे, पण जीआय फक्त फळाला आहे. लाकूड काश्मीरचं ना?"

आणि ऐकताय ना, आता टीममधल्या सगळ्या पोरांना तीच लेबलं हवीत.