बाबागाडी कशी निवडावी (नवशिक्या आजोबांसाठी)

मार्गदर्शिका म्हटली की पायरी पहिली, पायरी दुसरी असा जिना ठरलेला. इथे तो नाही. बाबागाडीला पायऱ्या चढता येत नाहीत, हे या विषयातलं पहिलं आणि जवळजवळ शेवटचं ज्ञान. मला ते गाडी घेतल्यावर आठव्या दिवशी झालं. तुम्हाला आधीच व्हावं म्हणून हा खटाटोप.

हे काम आजोबांनीच का करायचं? एक तर आईबापांची झोप झालेली नसते, आणि झोप न झालेल्या माणसाने काहीही विकत घेऊ नये. दुसरं म्हणजे इतिहास आपल्या बाजूने आहे. डेव्हनशरच्या ड्यूकच्या मुलांसाठी विल्यम केंट या वास्तुकाराने १७३३ मध्ये शिंपल्याच्या आकाराची गाडी बनवली, पण ती ओढायला छोटं जनावर जुंपायचं होतं. ढकलण्याची कल्पना ड्यूकला सुचली नव्हती, किंवा सुचली असली तरी त्याने ती घरात बोलून दाखवली नाही. खरी क्रांती झाली १९६५ मध्ये. ओवेन मॅक्लारेन हे निवृत्त विमान अभियंता. स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेले. त्यांची मुलगी मॉस्कोहून इंग्लंडला माहेरी आली ती नात आणि एक जडशीळ गाडी घेऊन. आजोबांनी ॲल्युमिनियमच्या नळ्या घेतल्या आणि छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोंच्याही आतली गाडी तयार केली. आपल्यात तेवढी कुवत नसली, तरी हक्क तोच आहे.

आमच्या जावयांनी त्याऐवजी एक्सेल शीट तयार केलं. सतरा रकाने होते. त्यात कप ठेवायची जागा होती, चाकांचा व्यास होता, कापडाचा रंगसुद्धा होता. ‘रिक्षा’ हा रकाना नव्हता. ‘जिना’ही नव्हता.

दुकानात जाण्यापूर्वी बाळाचं वय नीट ध्यानात घ्या, कारण दुकानदार ‘जन्मापासून चालेल’ हे वाक्य सगळ्याच गाड्यांना लावतो. ज्याने अजून मान धरलेली नाही त्याला सपाट झोपवणारी गाडी लागते. छत्रीसारख्या हलक्या गाडीत ते पोर पोत्यासारखं घसरतं. आधाराशिवाय बसायला लागलं, म्हणजे साधारण सहा महिन्यांनी, हलकी गाडी चालते. पाठ पूर्ण आडवी होते का, हे स्वतः करून बघा. ‘बऱ्यापैकी आडवी होते’ म्हणजे होत नाही.

आता दुकान. सोबत तीन गोष्टी न्या: मोजपट्टी, पाच किलो कणकेची पिशवी आणि आजी. दुकानातली फरशी आरशासारखी असते; विक्रेता त्यावर रिकामी गाडी एका बोटाने ढकलून दाखवतो आणि “बघा काका, कशी लोण्यासारखी चालते,” म्हणतो. लोण्यावरून काहीही चालतं. मग तो एका हाताने खटकन घडी घालतो. या क्षणी कणकेची पिशवी त्याच्या कडेवर द्या आणि “आता घाला,” म्हणा. पिशवी रडत नाही, चष्मा ओढत नाही, ही सवलत त्याला आहेच. तरी आमच्या विक्रेत्याला चार मिनिटं लागली, आणि शेवटी त्याने पिशवी काउंटरवर ठेवली. बाळाला रस्त्यात काउंटर नसतो. त्यानंतर तुम्ही स्वतः घाला, मग आजीला घालू द्या. आजीच्या बोटात सांगाडा अडकेल असं वाटलं, तर ती गाडी तिथेच सोडा, तिच्यावर कितीही सूट असली तरी.

ब्रेक चपलेने लावून पाहा. काही गाड्यांचा ब्रेक सुटण्यासाठी पट्टी अंगठ्याने वर उचलावी लागते. बूट घालणाऱ्या देशात ते ठीक आहे. आपल्याकडे आठवडाभरात अंगठ्याचं नख काळंनिळं होतं.

चाकांचा प्रश्न रस्त्यापासून वेगळा काढता येत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे पदपथावर चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी हवी आणि पदपथाची उंची फार तर १५ सेंटिमीटर. या हिशेबाने तीन बाबागाड्या शेजारी शेजारी गप्पा मारत जाव्यात. पुण्यातल्या आमच्या गल्लीत त्या १.८ मीटरमध्ये विजेचा डीपी, रसवंतीचा बाक आणि झोपलेला कुत्रा आहे. कुत्रा तेवढा सरकतो. लहान जोडचाकं फरसबंदीच्या फटीत रुततात आणि गाडी जागच्या जागी थांबते, बाळ मात्र थोडं पुढे जातं. म्हणून पुढची चाकं फिरती हवीत आणि खडबडीत जागी ती सरळ अडकवायची सोय हवी. हवा भरायचे मोठे टायर सगळ्यांत छान, पण ते पंक्चर होतात. मी एकदा गाडी कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने बाळाकडे पाहिलं, चाकाकडे पाहिलं आणि “काका, संध्याकाळी या,” म्हणाला. कुठल्या संध्याकाळी, ते बोलला नाही.

जंगली महाराज रस्त्यावर रुंद पदपथ झाला आहे, तिथे गाडी खरोखर चालते. पदपथावर दुचाकी चढू नये म्हणून शहरभर खांब रोवतात. दुचाकीवाले त्यातून तिरके होऊन निघून जातात, अडकते ती बाबागाडी. शिवाय त्या रस्त्यापर्यंत जायला आम्हाला रिक्षा लागते. तेव्हा मोजपट्टीचा उपयोग इथे: घडी केलेली गाडी रिक्षात पायाशी मावते का? लिफ्टचं दार किती? आणि लिफ्टपर्यंत पोहोचण्याआधी इमारतीच्या तोंडाशी त्या पाच पायऱ्या आहेत ना, ज्या बांधणाऱ्याने निव्वळ ऐट म्हणून ठेवल्या? बारा किलोंची गाडी आणि आठ किलोंचं बाळ त्यावरून रोज दोनदा न्यायचं आहे. आता विक्रेत्याला गाडीचं वजन विचारा. तो भार पेलण्याची क्षमता सांगेल. पुन्हा विचारा.

तीन गोष्टी मात्र थट्टेच्या नाहीत. दांड्याला भाजीची पिशवी लटकवू नका; बाळ उचललं की गाडी मागे कोलमडते, आणि कधी कधी बाळासकट. ऊन लागतं म्हणून गाडीवर ओढणी किंवा पंचा पांघरू नका. आत हवा कोंडते आणि तापते. छत मोठं असलेली गाडी घ्या, नाहीतर सावलीतून चला. पट्टे पाच हवेत: दोन खांद्यांचे, दोन कमरेचे, एक पायांमधला. ते रोज लावायचे, ‘कोपऱ्यापर्यंतच तर जायचंय’ तेव्हाही.

किमतीबद्दल फार लिहीत नाही. तुमच्या इमारतीत किमान तीन बाबागाड्या माळ्यावर पडून असतील; आधी तिथे चौकशी करा. त्या नव्याकोऱ्या दिसतात, आणि का दिसतात यावर एक मिनिट विचार करा.

याचं कारण म्हणजे आजीची कड. तिला घडी लागत नाही, ती रिक्षात बसते, पायऱ्या चढते, आणि तिच्यावर झोप लगेच लागते. आमच्या घरी गाडी आली त्या दिवशी ही म्हणाली, “अहो, धडधाकट पोराला आजाऱ्यासारखं काय ढकलत न्यायचं? त्यापेक्षा लाकडी पांगुळगाडा आणा, तीन चाकांचा. त्याचं तो ढकलेल.” मी मॅक्लारेन यांचा दाखला दिला. त्यांची बायको काय म्हणाली होती, असं तिने विचारलं.

नातू आता सव्वा वर्षाचा आहे. गाडीत बसवलं की धनुष्यासारखा ताठ होतो, खाली उतरवलं की गप्प. दांडा हाताला पुरत नाही, म्हणून तो बसायच्या जागेची कड धरून गाडी उलटी ढकलतो. काल मंडईतून येताना गाडीत दुधी होता, पाचही पट्टे लावलेला. आजीने ते पाहिलं, बोलली काहीच नाही. वाकून दुधी जरा सरळ केला आणि मधला पट्टा आवळला.